उत्तेजनार्थ राक्षसाचं पंक्चर

आमच्या दुकानाच्या पाटीबद्दल आधी सांगते, कारण सगळा घोळ तिनेच केला. थोडा मीही केला, पण माझं नंतर.

पाटीवर लाल ऑइलपेंटने लिहिलं होतं, 'येथे पंक्चर काढून मिळेल. इथे काढलेलं पंक्चर एकदा जरी परत आलं, तरी दुकान कायमचं बंद करीन.' असं कुणी लिहितं का? आमच्या आईने लिहिलं. अकरा वर्षांपूर्वी, दुकानाच्या पहिल्याच दिवशी, रागाच्या भरात. आमच्या समोर चष्म्यांचं दुकान आहे. त्याचे मालक, म्हणजे चष्मेवाले काका, त्या दिवशी दारात उभे राहून अख्ख्या रस्त्याला ऐकू जाईल असं म्हणाले होते, "बाईच्या हातचं पंक्चर! दोन दिवस टिकलं तरी पुष्कळ झालं." झालं! आईने मला पाळण्यात टाकलं (मी तेव्हा तीन महिन्यांची होते), स्टुलावर चढली आणि ती ओळ लिहून मोकळी झाली.

तेव्हापासून रोज सकाळी आमचं शटर वर गेलं, की काका रस्त्यापलीकडून विचारणार, "काय ताई, आलं का एखादं परत?" आणि आई म्हणणार, "तुम्ही तुमच्या काचा पुसा." अकरा वर्षांत एकही परत आलं नव्हतं.

हा नुसता हट्ट नाही हं. आईची पद्धत आहे. लोकांना वाटतं, पंक्चर काढणं म्हणजे ट्यूबला ठिगळ चिकटवणं. ते काय, कुणीही चिकटवेल. खरं काम त्याच्या आधीचं. टायरच्या आतून बोटं फिरवायची, सावकाश, पूर्ण गोल, आणि ज्या खिळ्याने नाहीतर काचेने भोक पाडलं तो खिळा शोधून काढायचा. तो आतच राहिला, तर वर कितीही भारी ठिगळ लावा, चार दिवसांत पुन्हा फुस्स. याला आई 'हात फिरवणं' म्हणते. हे काम माझ्याकडे होतं, कारण माझी बोटं बारीक आहेत आणि आईचा माझ्यावर भरवसा होता. आहे. म्हणजे मध्ये जरा गडबड झाली. सांगते ना, थांबा.

तर शनिवारी दुपारी रस्त्याच्या टोकाकडून 'स्स्स्स' असा आवाज आला. कुणाला वाटलं नळ फुटला, कुणाला वाटलं साप आला. तेवढ्यात कोपऱ्यावरून राक्षस वळला. चांगला तीन मजली, अंगात काळा लांबलचक कोट, डोक्यावर शिंगं. पण उजवी बाजू टम्म आणि डावी बाजू पार लोंबलेली. डावा हात जमिनीवर घासत होता, म्हणून त्याने तो उजव्या हाताने गोळा करून काखेत धरला होता.

"मी सगळ्यांना खाऊन टाकीन!" तो ओरडला. आवाज अगदी पिपाणीचा. तरी लोक पळाले. राक्षस तो राक्षसच. भाजीवाली टोपल्या टाकून पळाली, चष्मेवाले काका काउंटरखाली शिरले. आमची आई तेवढी टपालवाल्या बाईंच्या सायकलची चेन बसवत होती. तिने मानसुद्धा वर केली नाही.

"खा नंतर," ती म्हणाली. "आधी रांगेत उभे राहा. ही सायकल तुमच्या पुढे आहे."

आणि राक्षस खरंच रांगेत उभा राहिला! टपालवाल्या बाईंची मात्र पाचावर धारण बसली. चेन अर्धी लोंबत असतानाच त्या सायकल घेऊन पसार झाल्या. मग राक्षस पुढे आला, वाकला आणि रडायलाच लागला.

"ताई, कुणाला सांगू नका," तो हुंदके देत म्हणाला, "पण आम्हा राक्षसांच्या आत काही नसतं हो. नुसती हवा असते. आणि माझी चार दिवसांपासून जातेय. आता नीट डरकाळीसुद्धा फुटत नाही. सगळी गेली की मी संपलो. नुसतं कातडं उरेल. लोक पावसात डोक्यावर घेतील मला."

"कुणी घेत नाही," आई म्हणाली. "कोट काढा."

ट्यूबचं भोक शोधायला आमच्याकडे पाण्याचं घमेलं आहे. ट्यूब बुडवायची आणि बुडबुडे कुठून येतात ते बघायचं. त्या घमेल्यात राक्षसाची एक करंगळी मावली. मग आईने बादलीत साबणाचा फेस केला, लांब झाडू घेतला आणि त्याला अंगभर फेस फासायला सुरुवात केली. राक्षस इतका गुदगुल्यांचा, की विचारू नका. "काखेत नको! ताई, पोटावर नको! ही ही ही!" करत तो असा काही उड्या मारायला लागला, की आमच्या दुकानातले सगळे टायर खुंट्यांवरून खाली आले. एक टायर घरंगळत थेट काकांच्या दुकानात गेला. काउंटरखालून आवाज आला, "मी नाही, मी नाही!"

शेवटी सापडलं. छातीवर डाव्या बाजूला, मोहरीएवढं भोक. पण त्यातून बुडबुडे निघत होते कलिंगडाएवढे.

"काहीतरी टोकदार लागलंय," आई म्हणाली. "लवंगे, कोटात हात फिरव. सगळ्या कोटात."

मला सगळे लवंगी म्हणतात. मिरचीवरून. का म्हणतात देव जाणे, मी स्वभावाने फार शांत आहे.

कोट रस्त्यावर पसरला होता, तंबूएवढा. मी डाव्या खिशात हात घातला. आत रुमाल होता. ओला, कोमट आणि चिकट. राक्षसाचं वय तीनशे वर्षं, आणि सगळ्या सर्द्या त्याने त्याच रुमालात काढल्या असणार. माझा हात कोपरापर्यंत आत गेला होता. ई ई ई! मी हात बाहेर ओढला, नळावर गेले आणि तीनदा साबणाने धुतला. पुन्हा त्या कोटाजवळ जायची माझी छाती झाली नाही.

"फिरवलास का नीट?" आईने विचारलं.

"हो," मी म्हटलं.

एवढंच. एकच शब्द.

मग आईने काम केलं, आणि काम कसं करतात ते तिच्याकडूनच बघावं. भोकाभोवती पॉलिश पेपर घासला, सोल्युशन लावलं, ते सुकेपर्यंत राक्षसाला श्वास रोखून उभं केलं, ट्रकच्या ट्यूबचा गोल तुकडा बसवला आणि वरून हातोडीने ठोकला. पंप मी मारला. अकराशे चाळीस वेळा. हळूहळू राक्षसाची डावी बाजू भरली, गाल भरले, शेवटी शिंगं ताठ झाली. त्याने कोट चढवला, बटणं लावली आणि एक डरकाळी फोडली. अशी फोडली, की रस्त्यावरच्या सगळ्या पाट्या हलल्या आणि काकांच्या दुकानातल्या चष्म्यांनी माना वळवल्या.

"छान," आई म्हणाली. "आता रोज सकाळी सात वाजता डोंगरावरून अशीच एक द्या. म्हणजे हवा टिकली की नाही ते मला कळेल."

"देतो ताई, देतो!" राक्षस आनंदाने म्हणाला. तेवढ्यात त्याचं लक्ष पाटीकडे गेलं. तो बोट लावून एकेक अक्षर वाचायला लागला. शाळा फारशी झाली नसावी. वाचता वाचता त्याचा चेहरा उतरला.

"खरंच बंद कराल?"

"माझा शब्द आहे तो."

"मग तुम्ही दोघी काय कराल?"

"ते तेव्हा बघू," आई म्हणाली आणि फडक्याला हात पुसायला लागली. राक्षसाने एकदा तिच्याकडे बघितलं, एकदा माझ्याकडे बघितलं आणि तो डोंगराकडे चालू लागला.

रविवारी सात वाजता डरकाळी आली. काय ती डरकाळी! घरोघरची भांडी फळीवरून उतरली. काकांची कवळी बेसिनमध्ये पडली. आई चहाचा कप घेऊन दारात उभी होती, ती नुसती हसली. सोमवारी आली, पण जरा हळू. "वारा उलटा असेल," आई म्हणाली. मंगळवारी आली ती शेळीच्या पिल्लासारखी. मी नळावर जाऊन पुन्हा एकदा हात धुतला. बुधवारी 'चीं' झालं. तेही रस्त्यावरचे सगळे श्वास रोखून उभे होते म्हणून ऐकू आलं.

गुरुवारी सात वाजले. सव्वासात झाले. काही नाही.

आईच्या चहावर साय धरली. काका रस्ता ओलांडून आले. रोजचा प्रश्न त्यांनी विचारला नाही. त्यांच्या हातात दुर्बीण होती. "ताई," ते हळूच म्हणाले, "मी बघितलं. डोंगरावर नुसता कोट पडलाय. आत कुणी नाही."

आई आत गेली. तिने एकेक पाना फडक्याने पुसून पेटीत ठेवायला सुरुवात केली. मोठा पाना, छोटा पाना, टायर उचकटायच्या पट्ट्या.

"काय करतेस?" मी विचारलं.

"आवरून ठेवते. हवा गेलीय ना त्याची? म्हणजे आज ना उद्या येईल तो परत. मग धावपळ नको." तिचा आवाज अगदी साधा होता, भाजी संपली म्हणून सांगावं तसा. पेटीत हातोडी ठेवताना मात्र तिने ती दोनदा पुसली.

मला रडू कोसळलं. पाच दिवस दाबून ठेवलेलं सगळं एकदम बाहेर आलं. "आई, मी हात फिरवलाच नव्हता! मी खोटं बोलले! खिशात रुमाल होता, तो चिकट होता, मला किळस आली! काम तुझं चुकलं नाही, माझं चुकलं!"

आता ही ओरडणार, असं मला वाटलं. खरं सांगू का, ओरडली असती तर बरं झालं असतं. तिने पेटीचं झाकण लावलं.

"कोणता खिसा?" तिने विचारलं.

"डावा."

"बाकी कोट?"

"नाही बघितला."

तिने पेटी पुन्हा उघडली. हातपंप, पक्कड, सोल्युशनची ट्यूब, पॉलिश पेपर आणि ठिगळाचा तुकडा पिशवीत भरला. "चल."

"आणि दुकान?"

"दुकान कुठे पळून जातंय? तो संपत आलाय तिकडे."

डोंगराच्या पायथ्यापर्यंत आम्ही सायकलवर गेलो, मी मागे कॅरिअरवर. पुढे पायी. त्या चढावर मी आईची सतरा वेळा माफी मागितली. ती फक्त एवढंच म्हणाली, "पंप नीट धर."

वर कोट पसरलेला होता. एक बाही इकडे, एक तिकडे. राक्षस कुठेच नाही. "अहो राक्षसभाऊ!" आईने हाक मारली. वारा सोडून कुणी बोललं नाही. आईने पुन्हा हाक मारली. तेव्हा एका दगडाखालून बारीक आवाज आला.

"मी घरी नाही."

आम्ही दगड उचलला. खाली राक्षस होता. उशीच्या अभ्र्याएवढा, मऊ पडलेला, छातीवर अंगठा घट्ट दाबून बसलेला. उडून जाऊ नये म्हणून त्याने स्वतःच अंगावर दगड ओढून घेतला होता.

"अरे काय हे!" आई म्हणाली. 'अहो' केव्हा गेलं ते तिलाही कळलं नाही.

"मी एकदम मजेत आहे," राक्षस म्हणाला. "मला काही झालेलं नाही. ठिगळ उत्तम आहे. तुम्ही जा."

"मजेत आहेस तर डरकाळी का नाही दिलीस?"

"घसा बसलाय."

"आणि हा अंगठा कशाला?"

"सवय आहे."

"खोटं बोलू नकोस!" मी ओरडले, आणि ओरडल्यावर मला माझीच लाज वाटली. राक्षसाने अंगठा आणखी घट्ट दाबला.

"मी परत आलो असतो तर तुमचं दुकान बंद झालं असतं ना," तो म्हणाला. "म्हणून मी ठरवलं, इथेच चपटं व्हायचं. तुम्ही लोकांना सांगा, तो परदेशी गेला." आणि त्याने डोळे पुसायला हात वर केला. नेमका तोच हात. नेमका तोच अंगठा.

फुर्रर्रर्र!

राक्षस सुटला. आईच्या डोक्याभोवती तीन फेऱ्या, माझ्या पायांमधून एक, मग वर, मग खाली, आणि जाता जाता "माफ करा! माफ करा! चुकून लागलं!" चालूच. मी पंप टाकून मागे धावले. तो वळला तो थेट काटेरी झुडपाकडे. "तिकडे नको!" आम्ही दोघी किंचाळलो. "मी ठरवत नाहीये!" तो ओरडला. काट्यांपासून वीतभर अंतरावर आईने ॲप्रन पसरून उडी मारली आणि तोंडावर आपटली. पण ॲप्रनमध्ये राक्षस होता. आता तो मोज्याएवढा झाला होता.

आईने त्याच्या छातीवर स्वतःचा अंगठा दाबला. गुडघा फुटला होता, केसांत गवत होतं. ती मला म्हणाली, "लवंगे, कोट. सगळा."

मी कोटाच्या आत शिरले. हात घालून भागणार नव्हतं, अख्खी मीच आत गेले. उजव्या बाहीत रांगत गेले, बाहेर आले. एक मोडकी छत्री मिळाली, एक पक्ष्याचं घरटं मिळालं, ते मी जपून बाजूला ठेवलं. मग पाठ, मग कॉलर. अस्तरावरून बोटं फिरवत होते, सावकाश, आईने शिकवलं तशी. शेवटी डावा खिसा आला. तो रुमाल तिथेच होता, माझी वाट बघत. "आज तू नाहीतर मी," मी त्याला म्हटलं, डोळे मिटले आणि दोन्ही हात घातले. शी! अजूनही आठवलं की अंगावर काटा येतो. खिशात काही नव्हतं. मी खिशाच्या वरचं अस्तर चाचपलं.

"आई गं!"

बोटातून रक्ताचा थेंब आला. सापडला होता खिळा. खिळा नव्हता, बिल्ला होता. पत्र्याचा, पिवळा. आतल्या बाजूने, अगदी छातीवर येईल असा लावलेला, आणि त्याची पिन उघडून बाहेर आलेली. कोट घातला की ती बरोब्बर त्याच जागी टोचणार. बिल्ल्यावर लिहिलं होतं, 'भीतिदायक राक्षस स्पर्धा. उत्तेजनार्थ.'

मी तो घेऊन बाहेर आले. राक्षस बघताच चिरकला, "तो माझा आहे! द्या इकडे!"

"हाच तुला संपवतोय," आई म्हणाली. "कधीपासून लावतोस?"

"गेल्या आठवड्यात, मंगळवारी मिळाला." त्याचा आवाज आता इतका बारीक झाला होता, की आम्हाला कान जवळ न्यावे लागले. "दोनशे वर्षं भाग घेतोय मी. दरवर्षी. कधी कुणी टाळीसुद्धा वाजवली नाही. पहिल्यांदाच काहीतरी मिळालं. उत्तेजनार्थ आहे म्हणून बाकीचे हसतात, म्हणून आतून लावतो. पण लावतो. तो मी काढणार नाही."

"अरे, संपशील!"

"मग बिल्ल्यासकट संपेन."

आता मला राग आला. आईची पाटी, ह्याचा बिल्ला! जगात सगळ्या हट्टी माणसांची आणि राक्षसांची गाठ माझ्याशीच का पडते? "मूर्खा!" मी ओरडले. "तुला बिल्ला हवाय की पिन हवीय?"

राक्षस गोंधळला. "बिल्ला."

मी पिशवीतली पक्कड काढली, कटकन पिन मोडली आणि लांब फेकून दिली. मग लगेच जाऊन ती शोधून खिशात ठेवली, कारण कुणाच्या तरी टायरात गेली असती. "हा आपण सोल्युशनने चिकटवू. ट्यूब चिकटते, तर बिल्ला का नाही चिकटणार? आणि बाहेरून चिकटवू."

"बाहेरून?" राक्षस घाबरला. "सगळे हसतील."

"हसले तर खाऊन टाक."

आईने माझ्याकडे बघितलं. पॉलिश पेपर तिने माझ्या हातात दिला. ते काम ती कधी कुणाला देत नाही.

ठिगळ मी घासलं, आईने लावलं. पंप आम्ही आळीपाळीने मारला. किती वेळा ते विचारू नका, दोन हजारांनंतर माझं मोजणं चुकलं. मोज्याचा अभ्रा झाला, अभ्र्याची गादी झाली, गादीचा एक मजला, दोन मजले, तीन. बिल्ला कोटावर बाहेरून, मधोमध बसवला. आणि त्या दिवशी सात वाजताची डरकाळी पावणेबारा वाजता झाली. खाली गावात काकांची कवळी पुन्हा पडली, या वेळी आमटीत.

राक्षसाने आम्हाला दोन तळहातांवर बसवून रस्त्याच्या कोपऱ्यापर्यंत आणलं. तिथे तो थांबला. "मी इथूनच जातो," तो म्हणाला. "दुकानापर्यंत आलो तर परत आल्यासारखं दिसेल." आम्हाला हळूच खाली ठेवून तो चवड्यांवर निघून गेला. तीन मजली राक्षस चवड्यांवर चालताना तुम्ही बघितला नसेल. पाच खिडक्या फुटल्या.

काका दुकानाबाहेर उभेच होते. "मी सगळं दुर्बिणीतून बघितलं," ते घाईघाईने म्हणाले. "पंक्चर परत आलेलं नाही! तुम्ही तिकडे गेलात. पाटीवर 'परत आलं तर' लिहिलंय. मी साक्ष देतो, हवं तर लिहून देतो."

"पळवाट नको, काका," आई म्हणाली. "काम फसलं. माझ्याच दुकानातलं फसलं."

मी तिचा हात घट्ट धरला. ती पाटीसमोर उभी राहिली. मग तिने मला विचारलं, "त्या दिवशी रुमालाचं मला का नाही सांगितलंस?"

"आधी किळस आली म्हणून," मी म्हटलं. "नंतर पाटीमुळे. सांगितलं असतं तर तू दुकान बंद केलं असतंस."

"आणि तो तिकडे दगडाखाली जाऊन बसला. तोही पाटीमुळेच." आईचे डोळे भरून आले. मी आईला रडताना कधी बघितलं नव्हतं, त्यामुळे मी दुसरीकडे बघितलं. "आग लागो त्या पाटीला. लवंगे, रंग आण."

मी रंग आणला, काकांनी स्टूल आणलं. आई वर चढली.

"ताई," काका खालून म्हणाले, "अकरा वर्षांपूर्वी मी जे काही बोललो होतो ना..."

"आहे लक्षात."

"अगदी मूर्खासारखं बोललो होतो."

"तेही लक्षात आहे. स्टूल नीट धरा."

तिने ती अख्खी ओळ पांढऱ्या रंगाने पुसली. रंग वाळेपर्यंत आम्ही तिघं पायरीवर बसून राहिलो. मग तिने लाल रंगाने नवी ओळ लिहिली. लहानशीच. उतरली, पेटीतले पाने पुन्हा भिंतीवर लावले, आणि खोळंबलेल्या सायकलींपैकी पहिलीचा टायर काढून माझ्यापुढे ठेवला.

"हात फिरव," ती म्हणाली.

मी फिरवला. पूर्ण गोल. मग उगाच आणखी दोनदा फिरवला.

"झालं?" तिने विचारलं.

"झालं," मी म्हटलं. तिने टायर परत तपासला नाही. सरळ ट्यूब आत घातली.

पुढच्या शनिवारी दुपारी रस्त्याच्या टोकाला राक्षस दिसला. दोन्ही बाजू टम्म, बिल्ला चमकतोय, रुमाल धुतलेला. (मी लगेच विचारलं.) तो कोपऱ्यावरच थांबला, मान लांब केली आणि नवी पाटी बोट हलवत एकेक अक्षर करून वाचली.

"परत... आलं... तर... परत... काढू." त्याने पुन्हा एकदा वाचली. मग विचारलं, "ताई, म्हणजे मी परत आलो तर चालेल?"

"चालेल की," आई म्हणाली.

"पण आज मला पंक्चर नाहीये. नुसताच आलोय."

आईने टपालवाल्या बाईंच्या चेनवरून मान वर केली आणि त्याच्याकडे बघून हसली.

"नुसताच ये," ती म्हणाली. "पण रांगेत."